चालतंय ना, मग हात लावू नको म्हणे

डोकं फिरलंय आज. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स सिस्टीमचा गाभा) आम्ही नेटवर्कचं जे काम करतो त्याची एक टेस्ट स्क्रिप्ट आहे, टीममधल्याच कुठल्यातरी महाभागानं लिहिलेली, आणि नंतर जो आला तो तिच्यात चार ओळी घालून गेलाय, काढल्या कुणीच नाहीत. एकदा चालवली की चहा टाका, प्या, कप विसळा, खाली जाऊन भडंग घेऊन या, तरी ही बया चालूच. बरं करते काय? पिंग! एका नेमस्पेसमधनं (एकाच मशीनवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) दुसऱ्यात दोन-चार पॅकेट पाठवायची आणि पोचली का बघायचं. बाकीचा सगळा वेळ नुसती तयारी आणि झोप.

झोप म्हणजे खरोखरची झोप. आयपीव्ही६ चा पत्ता दिला की खाली स्लीप ५, म्हणजे पाच सेकंद नुसतं थांबा. का, तर पत्ता दिल्यादिल्या कर्नल बघतो की हाच पत्ता लिंकवर अजून कुणाकडे नाही ना, तोवर पत्ता टेंटेटिव्ह, म्हणजे कच्चाच राहतो. त्याला एक-दोन सेकंद लागतात. आता मला सांगा, आपणच बनवलेल्या व्हेथची, म्हणजे आभासी केबलची, दोन टोकं, दोन्ही आपल्याच ताब्यात, तिथं तिसरं कोण येणाराय पत्ता पळवायला? पत्ता देताना मागं नोडॅड लिहा, ती तपासणीच होत नाही, विषय कट. पण नाही, स्लीप ५, आणि ते पण प्रत्येक केसला, म्हणजे स्क्रिप्टमधल्या प्रत्येक छोट्या टेस्टला, कारण प्रत्येक केस सगळं पाडते आणि परत उभं करते.

आणि कहर म्हणजे नवी नेमस्पेस जन्मतः रिकामीच असते, एक लूपबॅक (स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) असतो तोही डाऊन, आयपीटेबल्सचा, म्हणजे फायरवॉलचा, एक नियम नाही की काही नाही. ही बया तिथं आधी नियम फ्लश करते, म्हणजे पुसते, मग पत्ते फ्लश, मग रूट फ्लश. नुकतंच सारवलेलं अंगण परत झाडायचं! शेवटी क्लीनअप तीनदा, एकदा फंक्शनच्या शेवटी, एकदा फाईलच्या शेवटी आणि एकदा स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणाऱ्या एक्झिटच्या ट्रॅपमध्ये. तिसऱ्यांदा पुसायला काही उरलेलंच नसतं म्हणून एरर येते, मग एरर डेव्ह नलमध्ये, म्हणजे टाकलं ते गायब होतं अशा फाईलीत, ढकलायची. उद्या खरी एरर आली तर ती पण तिथंच गडप, कुणाला पत्ता नाही.

केसेल्फटेस्ट (कर्नलच्या टेस्ट चालवणारं फ्रेमवर्क) एका टेस्टला मुळात ४५ सेकंद देतं. आमची त्याच्या बाहेर गेली. शहाणा माणूस विचारेल एवढा वेळ का लागतोय, आमच्याकडं सेटिंग्जच्या फाईलीत टाईमआऊट शून्य करून टाकला. म्हणजे आता मर्यादाच नाही. बसा!

पुण्यात एसीत बसून हे सगळं ठीक आहे ओ. इथं सांगलीत विश्रामबागला दुपारी वळवाचं वारं सुटलं की लाईट जाते, इन्व्हर्टर फॅन आणि ट्यूबपुरता, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, रन गेली की परत पहिल्यापासनं, कारण एकच केस चालवायची सोयच ठेवलेली नाही.

म्हणून बसून सगळं साफ केलं. सेटअप वर एकदाच, क्लीनअप फक्त ट्रॅपमध्ये, नोडॅड, आणि जिथं खरंच थांबावं लागतं तिथं बिझीवेट, म्हणजे झालं का ते परत परत बघायचं, झालं की लगेच पुढं. पॅचमध्ये (केलेल्या बदलांत) बहुतेक वजाच्याच, म्हणजे काढलेल्याच, ओळी. तर आमचे सर म्हणतात, "अरे चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?" म्हटलं, "सर, चालत नाही ओ, रांगतंय." मग म्हणे एका केसची घाण दुसरीत गेली तर? प्रश्न बरोबर आहे, मान्य, म्हणूनच सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग्ज) बदलणाऱ्या केसना वेगळी नेमस्पेस ठेवलीच होती, पॅच उघडून बघितला असता तर दिसलं असतं.

शेवटी अप्रूव्हल आलं, पण अट काय, तर काढलेल्या ओळी डिलीट करू नको, पुढं हॅश लावून, म्हणजे चालणार नाहीत अशा करून, तिथंच ठेव, लागल्या तर. अरे मर्दा, लिनक्स बनवणाऱ्या टोरवाल्ड्सनं २००५ साली गिट, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं टूल, बनवलं ते ह्याच कर्नलसाठी, आणि कर्नलच्याच टेस्टमध्ये जुन्या ओळी हॅश लावून जपायच्या? कुणासाठी?