‘लाज वाटली पाहिजे’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेरुळच्या एका सोसायटीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा पार्किंगमध्ये गांजा ओढताना सापडला. कमिटीने त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि घरमालकाला सांगून त्या भाडेकरू कुटुंबाला खोली खाली करायला लावली. मी त्याला अन्याय म्हटलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘गर्दुल्ल्यांची वकिली बंद करा. चार लोक काय म्हणतील या धाकानेच आमची पिढी सरळ राहिली. एकदा नशेत गेलेला परत येत नाही, निदान बाकीची मुलं तरी वाचवा.’

चार लोकांचा धाक मलाही हवा आहे. कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे तोच पोहोचतो. मी आगरी घरातला. आमच्याकडे हळदीच्या रात्री दारूचा पूर यायचा. आता हळदीला दारू नको म्हणणारी माणसं समाजातूनच पुढे येताहेत, आणि पोलिसांच्या नोटिशीपेक्षा त्यांच्या शब्दाला वजन आहे. कारण उद्या त्यांच्याच दारात लग्नाला जायचं असतं आणि शेवटी त्यांच्याच खांद्यावरून जायचं असतं. लाज काम करते ती या येण्याजाण्यामुळे. जे घरच उठवलं, त्याला आता कोणते चार लोक उरले? त्या मुलावर शेजाऱ्यांचा, ओळखीपाळखीचा जो काही दाब होता, तो कमिटीने स्वतःच्या हाताने काढून टाकला. आपलं म्हणून त्याला जवळ करणारा आता पुडी विकणाराच उरण्याची शक्यता जास्त. माझा राग यावर आहे, नियंत्रणावर नाही.

‘कायद्याने गुन्हा आहे, विषय संपला’ असंही तुम्ही म्हणता. पण आपण बोट दाखवतो ते कायदा बघून दाखवतो का? एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, फेब्रुवारी २०१५पर्यंत एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतच नव्हती. पावडर तीच होती, पोरांची वाताहतही तीच होती. उलट दारू पिण्यासाठी महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आजही परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते. गटारीला किंवा ३१ डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवर बसणाऱ्या किती जणांकडे तो परवाना असतो? त्यांचा फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही. हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाने १९६३मध्ये मांडलं होतं की एखादं वागणं ‘विचलन’, म्हणजे समाजाच्या रीतीबाहेरचं, ठरतं ते बाकीचे लोक त्यावर तसा शिक्का मारतात तेव्हा. हा शिक्का ज्याचं सोसायटीत वजन नाही त्याच्यावर आधी बसतो. नेरुळमध्ये तो भाडेकरूच्या मुलावर बसला. मालकाचा मुलगा असता तर कमिटीने त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं असतं, आणि तेच बरोबर झालं असतं.

कायद्याचंच बघायचं तर पूर्ण बघू. गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण १९८५च्या याच कडक एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनात अडकलेली व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाली, तर तिला खटल्यातून सूट मिळते, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. धाक आहे, परतीची वाटही आहे. नेरुळच्या कमिटीने यातलं पहिलं तेवढं उचललं.

परत कोणी येत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. १९७१मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला. तिथे साधारण पाचांतला एक जण हेरॉइनसारख्या नशेच्या आहारी गेला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले पाच टक्क्यांच्या आसपासच पुन्हा अडकले. व्यसन सोडणं सोपं आहे असा याचा अर्थ नव्हे. पण युद्धभूमी सुटली, घर आणि रोजचं आयुष्य परत मिळालं, याचा वाटा त्यात मोठा होता. आपण त्या मुलाच्या बाबतीत नेमकं उलट केलं.

आणि बाकीची मुलं वाचतील म्हणता, त्याबद्दल. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने नशेबद्दल केलेली देशव्यापी पाहणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठले तरी उपचार मिळाले होते. उपचारांच्या जागा कमी आहेत हे खरंच, पण आपल्या भागात त्या नाहीत असं नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून. तरी आई मुलाला तिथे न्यायला कचरते, कारण बाजूच्या बिऱ्हाडात कळेल. तो फोटो ग्रुपवर बघितलेल्या प्रत्येक आईने आपल्या मुलाच्या खिशात काही सापडलं तर काय करायचं ते त्या दिवशीच ठरवलं असेल: लपवायचं.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, मग कमिटीने करायचं काय? आईवडिलांना घरी जाऊन भेटायचं, ग्रुपवर नाही. १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर द्यायचा. पार्किंगमध्ये पुन्हा दिसलास तर पोलीस येतील, हे त्या मुलाला तोंडावर, त्याच्या वडिलांसमोर सांगायचं. आणि माल पुरवणारा कुठे उभा राहतो हे सोसायटीतल्या पोरांना माहीत असतं, त्याची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची. त्याच्या बाबतीत मला कसलीही दयामाया नको आहे. तुमच्या सोसायटीने अशी तक्रार करायची ठरवली तर कळवा, सोबत यायला मी तयार आहे.