"तापट आहे, पण मनाचा चांगला आहे"

गेल्या महिन्यात विट्याहून एका पाव्हण्यांचा फोन आला. मुलीला स्थळ आलंय, मुलगा तासगाव भागातला, आणि त्या रूटला मी बरीच वर्षं होतो म्हणून चौकशी. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली की रिटायर झाल्यावर हे काम आपोआप गळ्यात पडतं. कुणाची बाग किती, सोसायटीचं कर्ज किती, पोरगं पितं का, हे सगळं कंडक्टरला माहीत असतं असा लोकांचा समज आहे. तो फार चुकीचाही नाही.

सगळं बोलून झाल्यावर पाव्हणे फोन ठेवता ठेवता म्हणाले, "थोडा तापट आहे म्हणत्यात. पण मनाचा चांगलाय."

हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या बहिणीला तिच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी सांगितलं होतं. चौकशी मीच केली होती. तीन एकर द्राक्षबाग, पाण्याची सोय, पोरगा निर्व्यसनी. अजून काय पाहिजे? भाचीला विचारूनच हे लिहितोय. तिचं, तिच्या सासरच्या गावाचं नाव येणार नाही. कमेंटमध्ये कुणी अंदाज बांधत बसू नका.

लाज याची वाटते की माणूस कधी हात उचलणार हे ओळखण्यात मी स्वतःला पटाईत समजत होतो. सांगली-जत गाडीत सुट्ट्या पैशांवरून आरडाओरडा करणाऱ्याची मला कधीच भीती वाटली नाही. तो आई-बहीण काढतो, डेपोत तक्रार करतो म्हणतो, तोंड लालबुंद होतं, आणि मिरज आली की पिशवी उचलून उतरून जातो. भीती त्याची, जो ओरडता ओरडता मध्येच गप्प होतो. लाल झालेला चेहरा पांढरा पडतो. घड्याळ काढून खिशात टाकतो, हातातलं सामान शेजारच्याकडे देतो, एक पाय मागं घेऊन तिरका उभा राहतो. मुठी उघडझाप करतात. बघतो तुमच्याकडे, पण डोळ्यांत नाही, हनुवटीकडे. मग एकदा मागं वळून कोण कोण बघतंय ते पाहतो. एवढं दिसलं की मी तिकिटांचा ट्रे मध्ये धरून दोन पावलं मागं यायचो, आवाज खाली आणायचो आणि त्याला दाराकडे जायला वाट मोकळी ठेवायचो. कोंडलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. ड्रायव्हरला माझी एक खूण ठरलेली होती, ती मिळाली की तो गाडी भर वस्तीत थांबवायचा.

(आणखी एक. गाडीत स्वतःशीच बडबडणारा, लोक ज्याला येडा म्हणून बाजूला सरकतात, त्यानं एकतीस वर्षांत मला एकदाही हात लावला नाही. मला मारलं ते इस्त्रीच्या कपड्यातल्या शहाण्या माणसांनी.)

तर हे सगळं गाडीत कळायचं. घरात कळलं नाही, कारण घरात त्याचं रूपच वेगळं असतं. तिथं मुठी दिसत नाहीत, माया दिसते.

लग्नानंतर भाची आमच्याकडे आली की दर दहा मिनिटाला नवऱ्याचा फोन. आमची मंडळी म्हणाली, "किती जीव आहे बघा." पुढं नुसत्या फोनवर भागेना, व्हिडिओ कॉल करून घरात कोण कोण आहे ते दाखवायचं. आम्ही सगळे त्याला हात हलवून दाखवायचो. मग तिची शाळेतली नोकरी सुटली, "काय गरज आहे?" म्हणून. मग नागपंचमीला ती माहेरी आली नाही. बागेचं काम आहे म्हणाले. पंचमीला कसलं आलंय बागेचं एवढं काम, हे तासगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण आम्ही कुणी बोललो नाही.

राग आला की तो वस्तू फोडायचा. हे तिनं फार नंतर सांगितलं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तो फक्त तिच्याच वस्तू फोडायचा. तिचा मोबाइल, तिच्या बीएडच्या फाइली, तिनं माहेराहून नेलेली शिलाई मशीन. स्वतःचा मोबाइल त्यानं कधी भिंतीवर मारला नाही. थकलेल्या हप्त्यावरून बँकेच्या साहेबानं चारचौघांत झापलं, तेव्हा हा हात जोडून उभा होता. मी तिथंच होतो. तापट माणसाचा ताप असा माणूस बघून कसा काय चढतो आणि उतरतो, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

आणि मे महिना. सांगलीचा मे माहीत आहे तुम्हाला. ती गळ्याला स्कार्फ गुंडाळून आली. आवाज बसलेला. घोट गिळताना तोंड वाकडं करत होती. मी म्हटलं, गार पाणी पितेस, दुसरं काय. कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्येष्ठमध आणून दिलं. तिनं ते मुकाट्यानं तोंडात धरलं.

माझी धाकटी मुलगी मिरजेत नर्स आहे. ती रात्रपाळी करून घरी आली, आतेबहिणीकडे एक नजर टाकली, तिला आत घेऊन गेली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गळा दाबला का त्यानं?"

धाकटीनं नंतर मला बसवून समजावलं. गळा दाबलेल्या बाईच्या अंगावर बऱ्याचदा एक वळही दिसत नाही. आवाज घोगरा होतो, गिळायला त्रास होतो, डोळ्यांत लाल ठिपके येतात. आत रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनी अर्धांगाचा झटकासुद्धा येऊ शकतो, म्हणून दिसो न दिसो, दवाखान्यात न्यायचं. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल म्हणून नर्सिंगच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. बाईच्या जिवाला किती धोका आहे ते जोखायची. वर्षभरात मार वाढत गेलाय का? गरोदरपणात मारलं का? दिवसभर काय करायचं ते तोच ठरवतो का? मारून टाकीन म्हणतो का? स्वतः मरायची धमकी देतो का? गळा दाबलाय का? २००८ सालच्या तिकडच्याच एका अभ्यासात असं आलं की जोडीदारानं आधी गळा दाबलेला असेल, तर पुढं त्याच्या हातून तिचा खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असते. मी ज्येष्ठमध आणलं होतं.

"तुला संपवीन आणि मीपण औषध पिईन" असं तो म्हणायचा. आपल्या भागात औषध पिईन हे इतक्यांदा ऐकू येतं की कान सरावलेत. पण प्रत्येक बागेच्या शेडमध्ये फवारणीचं औषध असतंच. स्वतः मरायला निघालेल्याला मागं काय होईल याची भीती राहत नाही, हे लक्षात घ्या. आधी नुसतं संपवीन होतं. मग कधी, कुठं, कशानं हेसुद्धा तो सांगायला लागला.

तरीही गावात बैठक झाली. चार जाणती माणसं, मी त्यातला पाचवा. आर. आर. आबांनी २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम काढली ती अंजनीच्या माणसाला शोभेल अशीच, बांधावरची कितीतरी भांडणं कोर्टात न जाता मिटली. पण बांधाच्या भांडणात दोन्हीकडे माणूस उभा असतो. इथं एक मारणारा आणि एक मार खाणारी, आणि आम्ही दोघांनाही "समजुतीनं घ्या" सांगून चहा प्यायलो. त्या रात्री काय झालं ते लिहीत नाही. (टाळी एका हातानं वाजत नाही, हे खाली कुणी लिहिणार असेल तर कृपया आधी मला फोन करा.)

शेवटी ती बाहेर पडली. आम्हाला वाटलं, सुटली. धाकटी म्हणाली, "अण्णा, खरी भीती आता आहे." हातातून सुटतेय हे कळतं, तेव्हाच असला माणूस सगळ्यात वाईट असतो. म्हणून बाई घर सोडणार असेल तर ते त्याला आधी कळू द्यायचं नाही. आधार, पासबुक, दागिने थोडे थोडे करून कुणाकडे तरी ठेवायचे. निघायचं ते तो घरी नसताना, कुणाला तरी सोबतीला घेऊन. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. दीड महिन्यानं तो आमच्या दारात आला. ओरडला नाही. "शेवटचं एकदा बोलायचंय," एवढंच. चेहरा पांढरा. नजर माझ्या खांद्यावरून आत. हा चेहरा मात्र मी ओळखला, जतच्या गाडीतला. दार लावून घेतलं आणि ११२ लावला. पोलीस आले तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत कोयता निघाला.

शेजारच्यांनी नंतर सांगितलं, त्यांना बरंच आधीपासून ऐकू यायचं, पण "दुसऱ्याच्या संसारात कसं पडणार?" २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलाही ठपका येत नाही. नातं लागत नाही. त्याच कायद्यात शिवीगाळ, पैसे अडवून ठेवणं हेसुद्धा हिंसेत धरलंय, म्हणजे हाड मोडायची वाट बघायची गरज नाही. बायकांसाठी १८१ आहे. भाची दुसरीकडे राहते आता, पुन्हा शिकवते. तिचा आमचा एक शब्द ठरलाय. "ज्येष्ठमध संपलंय" असा मेसेज आला की काही न विचारता गाडी काढायची.

तर विट्याच्या पाव्हण्यांना मी म्हटलं, बाग सोडा, मुलगा हॉटेलातल्या पोऱ्याशी कसा बोलतो ते बघा. आधीची सोयरीक मोडली असेल तर त्या मुलीला नंतर त्रास दिला का, ते विचारा. त्याला बहीण आहे ना, तिला एकटीला गाठा. पाव्हणे हसले, "एवढं कोण विचारतं ओ मास्तर?" पण गेले.

परवा फोन आला. बहिणीला विचारलं म्हणे, भाऊ कसा आहे. मी म्हटलं, काय म्हणाली?

"काय नाही. भावाकडं बघितलं आन् आत निघून गेली. लाजाळू दिसतीय."