वास कृपया ऑफिसच्या वेळेत घ्यावा

शेजारच्या कंपनीच्या वासाची तक्रार करायचीय? अवश्य करा. गेल्याच आठवड्यात माझी चौथी तक्रार 'निकाली' निघाली, त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार आता मला आहे.

आधी नाकाला शिस्त लावा. वास घ्यायचा तो सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्या वेळेत. आम्ही भोसरीच्या पलीकडचे अडाणी लोक रात्री दीडनंतर घेतो. मग दाराखाली ओला टॉवेल कोंबतो आणि आईला उठवून आतल्या खोलीत नेतो. चूक आमचीच.

फॉर्मवर 'सडक्या अंड्यासारखा' असं बावळटासारखं लिहू नका. देशाच्या हवेच्या मानकांत 2009 पासून बारा घटक आहेत. त्यात अमोनिया आहे, पण सडक्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड नाही. तेव्हा वास घेताना यादी बघून घ्यावा.

कॉम्प्रेसरच्या आवाजाचंही तसंच. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, औद्योगिक भागात 70. मध्ये आमच्या सोसायटीची भिंत. आवाजाने ती ओलांडताना 25 डेसिबल पलीकडेच ठेवून यावं अशी अपेक्षा आहे. शिवाय 2000 सालचे नियम म्हणतात, मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त असेल तर तक्रार करा. मोजायचं कशाने? मोबाईलमधलं ॲप चालत नाही, असं मला सांगितलं गेलं.

सोसायटीच्या ग्रुपवर वासाचा व काढू नका, फ्लॅटचे भाव पडतात.

आता पाहणी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब येणार म्हणून सकाळी सात वाजता कंपनीच्या गेटसमोरचा रस्ता पाइप लावून धुतला जात होता. मी गॅलरीतून बघत होतो. आम्हाला साहेबांचा फोन आला साडेअकराला, कंपनीला कधी गेला असेल ते तुम्हीच ठरवा. साडेबाराला साहेब आले, फिनाइलच्या घमघमाटात उभे राहिले, दोनदा नाक वर केलं आणि मला म्हणाले, "आत्ता कुठे येतोय?" मी म्हटलं, साहेब, रात्री दोनला या. "रात्रीची ड्युटी नसते." मग आत चहा झाला. त्यांचा, माझा नाही. बाहेर आल्यावर वर मलाच विचारतात, "कंपनी आधीची ना? मग इथे फ्लॅट घेतलात कशाला?" अहो, बिल्डरला परवानगी मी दिली होती का? कंपनीला संमतीपत्र मी दिलं होतं का? तीन दिवसांनी उत्तर आलं: 'पाहणीवेळी दुर्गंधी आढळून आली नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' पाठोपाठ मेसेज, आपण समाधानी आहात का, पाचपैकी तारे द्या.

सबब म्हणे! कसली सबब? धुतलेल्या रस्त्यावर साडेबारा वाजता काय आढळणार होतं, कप्पाळ? न सांगता या, रात्री या, आमच्या गच्चीवर तासभर बसा आणि मग लिहा काय लिहायचं ते. पगार त्याचाच मिळतो तुम्हाला.

आणि आमच्याच बिल्डिंगमधल्यांनो, रात्री खिडक्या धाडधाड लावताना सगळे ऐकू येता. सह्या घ्यायला आलो तेव्हा छप्पन्न फ्लॅटमधून नऊ सह्या मिळाल्या. एकाने तर दार उघडून सांगितलं, "आम्हाला एसी आहे." लाज वाटते का जरा? पाचवी तक्रार उद्या लिहितोय. कागद खाली वॉचमनकडे ठेवलाय, पेनही बांधून ठेवलंय.