कापूस वेचायला टोपली कशाला, बाप्पा?

विदर्भातली शेतकरीण दाखवायची म्हटली की सिरियलवाले हिरॉईनच्या कमरेवर बांबूची टोपली टेकवतात अन् तिला उभी करतात कापसात. चहाचा मळा आहे का तो? कापूस ओटीत वेचतात. जुन्या लुगड्याचा फडका कमरेला बांधून पुढं झोळ करायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. दव उडाल्यावर वेचणी सुरू, कारण ओला कापूस गंजीत पिवळा पडतो. बोंडाची वाळली टोकं बोटं ओरबाडतात, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, हात सोलतात. म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. पत्ती-काडी आली की भाव पडतो, अन् मजुरी किलोवर. यांची बाई मात्र लांब नखांनी गुलाब तोडावा तसं अख्खं बोंडच खुडते! अहो, बोंड झाडालाच राहते, आतला कापूस तेवढा ओढायचा.

नट्यांचा दोष नाही. गडचिरोलीकडं वडसा भागात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात बायका रात्रभर उभ्या राहतात, तिथं रिटेक नसतो. ‘धग’ या मराठी सिनेमासाठी उषा जाधवला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो काही लिपस्टिकवर नाही. वेचणीवाल्या एखाद्या मावशीला दिवसभराची रोजी देऊन सेटवर बसवलं असतं तर किती खर्च आला असता? हिरॉईनच्या एका नकली पापणीएवढाही नाही.