फ्लॅक म्हणे फ्लॅक!

अरे, 128 केबीपीएसची, म्हणजे आवाज दाबून लहान केलेली एमपीथ्री फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीच न कापणाऱ्या फाइल-प्रकारात) बदलली की फाइल फुगते, आवाज सुधारत नाही! एमपीथ्री बनवतानाच जे कापून फेकलं, ते परत कुठून येणार? आभाळातून? तरी आमचे बंधुराज एमपीथ्रीच्या फ्लॅक करून सांगणार, "दादा, ऐक, एचडी आहे!" काय ऐकू? तानपुऱ्याची जवारी, ती तारांची गुंजणारी झणक, गायब, टाळ पत्र्यासारखे. वर इक्वलायझरवर बास पार टोकाला, म्हणजे डग्ग्याखाली गायिका किशोरीताई आमोणकर गाडल्या गेल्या. आणि स्पीकर कुठे? शोकेसमध्ये, काचेमागे, प्लास्टिकच्या फुलांच्या आडोशाला! मूळ सीडी मात्र माळ्यावर धूळ खातायत. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, म्हणजे सीडीचा पूर्ण दर्जा, सगळं शाबूत. त्या एकदा नीट रिप करायला, म्हणजे संगणकावर उतरवून घ्यायला, काय धाड भरते? पण नाही. साहेब आता सोन्याचा मुलामा दिलेली केबल मागवणार आहेत!