रविवारच्या प्रयोगाचा खुलासा

नाशिकमधल्या आमच्या रविवारच्या प्रयोगावरून एक मेसेज फिरतोय: मुख्य नटीचा घसा बसला म्हणून नाटकात मोलकरणीचं काम करणाऱ्या मुलीला हातात कागद देऊन ऐनवेळी उभं केलं. कागद नव्हता. पहिल्या तालमीपासून ती त्या भूमिकेची अंडरस्टडी आहे, म्हणजे मुख्य नटी अडली तर ते काम करायला तयार केलेली बदली नटी. संवाद सोडाच, कंदील डाव्याच हातात धरायचा, नाहीतर समोरच्याच्या तोंडावर सावली पडते, हेही तिला ठाऊक. पोलकं मात्र सैल झालं, विंगेत चार सेफ्टी पिना लावाव्या लागल्या, ते कबूल. मोलकरणीची दोन वाक्यं वेशभूषेच्या ताईंनी म्हटली (आणि टाळी घेतली!).

तिला ‘स्टँडबाय’ म्हणणंही चूक. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, स्टँडबाय सहसा त्या नाटकात दुसरं काम करत नाही, फक्त तयार राहतो. अंडरस्टडी बहुधा छोटी भूमिका करत असतो. १९५४ साली ब्रॉडवेच्या ‘द पजामा गेम’ या संगीत नाटकात नटी कॅरल हॅनीचा घोटा दुखावला, तेव्हा तिच्या जागी उभी राहिलेली शर्ली मॅक्लेन कोरसमधलीच, म्हणजे समूहात नाचणारी-गाणारीच होती.

बदलाची घोषणा तिसऱ्या घंटेआधी झाली होती. उशिरा आलेल्यांना ती ऐकू आली नसेल.