वेग तोच आहे, पण तुम्ही चुकीचा काटा बघताय

सध्या नातेवाइकांच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 1958 साली बोईंग 707 ज्या वेगाने प्रवासी नेत होतं, त्याच वेगाने आपण आजही उडतो. म्हणजे इतकी वर्षं नासासारख्या सरकारी संस्थांनी विमान-संशोधनाच्या नावाखाली पैसा जाळला. जी काही सुधारणा झाली ती कंपन्यांनी स्वतःच्या हिमतीवर केली. आणि शेवटी आपल्या सरकारी विमान-संशोधन संस्थेवर नेहमीची फोडणी: "आपल्या एनएएलबद्दल तर बोलायलाच नको!"

वेगाचं खरं आहे. खरं तर मजकूर लिहिणाऱ्याने कमीच सांगितलं, कारण आजचं एअरबस ए320 हे 707 पेक्षा किंचित हळूच उडतं. पण ते संशोधकांना जमलं नाही म्हणून नव्हे. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च हाताबाहेर जातो. तो वेग ओलांडला तर जमिनीवर दणका ऐकू येतो, म्हणून अमेरिकेने 1973 मध्ये जमिनीवरून स्वनातीत प्रवासी उड्डाणांना बंदी घातली. ध्वनीहून वेगवान कॉंकॉर्ड 1976 ते 2003 प्रवासी नेत होतं, आणि तेही ब्रिटन-फ्रान्स सरकारांच्या पैशाने घडलेलं विमान, हे मजकुरात सोयीस्करपणे गाळलंय. त्याच 1973 साली तेलाचे भाव भडकले आणि विमान कंपन्यांना लवकर पोहोचण्यापेक्षा स्वस्तात पोहोचण्याची घाई झाली. तेव्हा काटा बघायचा तर इंधनाचा बघा. एका प्रवाशाला एक किलोमीटर न्यायला नव्या विमानाला लागणारं इंधन साठच्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास निम्म्यावर आलंय.

मग हे कोणी केलं? पुढच्या वेळी खिडकीजवळची जागा मिळाली तर पंखाच्या टोकाकडे बघा. वर वळलेला तो तुकडा म्हणजे विंगलेट. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वर चढते, तिचा भोवरा होतो आणि तो विमानाला मागे ओढतो. विंगलेट त्या भोवऱ्याचा जोर कमी करतं. टोकाला उभी फळी लावायची कल्पना तशी जुनीच. पण नुसती फळी लावून भागत नाही. तिचा आकार आणि कोन नेमका किती हवा, हे नासाच्या लँगली केंद्रातल्या रिचर्ड व्हिटकॉम्बने वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं आणि 1976 मध्ये छापून टाकलं. मग अमेरिकी हवाई दलाच्या केसी-135 या एका इंधनवाहू विमानाला विंगलेटं लावून 1979-80 मध्ये चाचण्या झाल्या, आणि इंधनात साडेसहा टक्क्यांच्या आसपास फायदा दिसला. एका टक्क्यासाठी जीव टाकणाऱ्या धंद्यात साडेसहा टक्के! पुढे नव्वदच्या दशकात सिअ‍ॅटलच्या एका छोट्या खासगी कंपनीने बाक दिलेली सुधारित विंगलेटं आणली, ते श्रेय तिचंच.

इंजिनाचीही तीच गोष्ट. सत्तरच्या दशकात नासाने कमी इंधन पिणाऱ्या इंजिनाचा प्रकल्प काढला. जनरल इलेक्ट्रिकने त्यात जो गाभा तयार केला, त्यातूनच पुढे जीई90 आलं. एअर इंडियाच्या 777 वर हेच इंजिन असतं.

इथे सरकारी पैसा का लागतो, ते नासाच्या आधीच्या नाका या संस्थेवरून कळतं. 1915 मध्ये वर्षाला 5000 डॉलरच्या तरतुदीवर सुरू झालेली ही समिती. 1933 मध्ये तिने पंखांच्या 78 आकारांचे मोजमाप-तक्ते प्रसिद्ध केले. कोणीही उचला, कोणीही वापरा. कंपनी असं का करेल? स्वतःच्या पैशाने मिळवलेले आकडे ती तिजोरीत ठेवेल, आणि त्यात तिची चूकही नाही.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण मात्र वाऱ्याचं. 2 ऑगस्ट 1985 ला डॅलसमध्ये उतरताना डेल्टा या कंपनीचं विमान कोसळलं, 137 माणसं गेली. वादळी ढगातून हवेचा लोट सरळ खाली येतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. विमानाला आधी समोरचा वारा लागतो, उचल वाढते, पायलट इंजिनाचा जोर कमी करतो. काही सेकंदांत तोच वारा मागून येतो, आणि जमीन जवळ असल्याने सावरायला जागा उरत नाही. नासाने लँगलीतलं बोईंग 737 (तयार झालेलं अगदी पहिलं 737) 1991-92 मध्ये ऑरलँडो आणि डेन्व्हरच्या आसपास मुद्दाम अशा ढगांत घातलं, विमानाच्या रडारवर तो लोट आधी दिसतो का ते बघायला. दिसला. कोणती विमान कंपनी हे करून निष्कर्ष प्रतिस्पर्ध्यांना वाटेल? 1994 च्या जुलैत शार्लटला अशाच वाऱ्याने आणखी 37 जीव घेतले. आगाऊ इशारा देणाऱ्या पहिल्या रडारला मान्यता मिळाली तीही त्याच वर्षी.

अपयशं नाहीत का? भरपूर. नासाचं एक्स-57 हे विजेवरचं विमान 2023 मध्ये एकदाही न उडता बंद झालं. लांब, सडपातळ पंखाला खालून टेकू देणारं एक्स-66 बोईंगने 2025 मध्ये बाजूला ठेवलं. मला एक्स-57 चं जास्त वाईट वाटतं. पण ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे त्याला संशोधन म्हणत नाहीत. आणि पैसा किती जळतो म्हणता? नासाच्या वर्षाच्या सुमारे 25 अब्ज डॉलरमधून विमान-संशोधनाला एक अब्जही येत नाहीत.

वेगच हवा असेल तर तोही सरकारी पैशावर शिजतोय. ऑक्टोबर 2025 मध्ये नासाचं स्वनातीत एक्स-59 पहिल्यांदा उडालं. त्याचं नाक इतकं लांब आहे की पायलटला समोर काचच नाही. तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून उडवतो. त्या नाकामुळे दणक्याऐवजी हलकी धप्प ऐकू यावी असा बेत आहे. मग ते वस्त्यांवरून नेऊन लोकांना विचारायचं, त्रास झाला का? बंदीऐवजी आवाजाची मर्यादा ठरवायची तर हे आकडे लागतील.

राहता राहिलं बंगळुरूचं एनएएल. सारस या त्यांच्या छोट्या प्रवासी विमानावरून त्यांना धारेवर धरा, माझी हरकत नाही. 2004 मध्ये उडालेलं विमान, 2009 च्या अपघातात तिघे गेले, आणि अजून ते सेवेत नाही. पण तेजसचे कार्बन-फायबरचे पंख याच संस्थेने घडवले. आणि हिवाळ्यात धुक्यामुळे तुमचं विमान उतरणार की नाही हे ज्या आकड्यावर ठरतं, ती धावपट्टीवरची दृश्यमानता मोजणारं 'दृष्टी' हे यंत्रही त्यांचंच. ते देशातल्या अनेक विमानतळांवर बसवलेलं आहे.